पेटीमागे जाहिरात किती?

‘रीच ८४ हजार, इंप्रेशन २ लाख १० हजार, एंगेजमेंट ६ टक्के.’ एप्रिलअखेर एजन्सीकडून असा अहवाल येतो, सोबत वर चढणारे हिरवे बाण असतात. बागायतदाराला विचारायचं असतं एवढंच, की पेट्या किती गेल्या? पण समोरचा त्या शब्दांत सराईत असतो, आपण नसतो, आणि प्रश्न घशातच राहतो. बिल मात्र मराठीतच कळतं.

या लेखात त्या शब्दांमागचा खर्च उलगडायचा आहे. उदाहरण हापूसचं घेतलं आहे. बागेतून थेट पुण्या-मुंबईच्या घरी पेटी पाठवणारे आता कोकणात पुष्कळ आहेत, मोसम जेमतेम अडीच महिन्यांचा असतो आणि जाहिरातीत चुकलेलं सुधारायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. तुमची शिकवणी असेल, पार्लर असेल, केटरिंग असेल, तर पेटीच्या जागी तुमचा माल ठेवा.

आधी घरचा हिशेब. समजा, पाच डझनांची पेटी तुम्ही पुण्यात घरपोच ४,००० रुपयांना देता. तोच आंबा बाजार समितीत पाठवला असता तर २,६०० हाती आले असते, म्हणून तो तुमचा फळाचा खर्च. खोका आणि पेंढा १५०, वाहतूक आणि घरपोच ३५०, डागी निघालेल्या फळांची भरपाई सरासरी १००. बेरीज ३,२००. पेटीमागे सुटतात ८०० रुपये. हे आकडे कल्पित आहेत, तुमचे वेगळे असतील. पण हा ८०० चा आकडा कागदावर मांडल्याशिवाय जाहिरातीचा एकही शब्द शिकण्यात अर्थ नाही. बाकीच्या सगळ्या आकड्यांची तुलना शेवटी त्याच्याशीच करायची आहे.

आता रीच आणि इंप्रेशन. जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत गेली तो रीच, आणि एकूण किती वेळा दाखवली गेली ती इंप्रेशन्स. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की फ्रीक्वेन्सी मिळते, म्हणजे एकेका माणसाने ती सरासरी किती वेळा पाहिली. वरच्या अहवालात ती अडीच येते. (एंगेजमेंट म्हणजे लाइक, कमेंट, शेअर असा प्रतिसाद.) दोन-तीन वेळा दिसणं ठीक. आठवड्यात सात-आठ वेळा तोच आंबा त्याच माणसापुढे नाचत असेल तर तुम्ही त्याला वैताग देण्याचे पैसे भरता आहात.

हजार वेळा दाखवण्याचा दर म्हणजे सीपीएम. वेबवरची जाहिरात सुरुवातीच्या वर्षांत बरीचशी याच मापाने विकली जायची. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टी झळकली. पहिल्या बॅनर जाहिरातींत तिचं नाव घेतलं जातं. वर्तमानपत्रात आपण चौरस सेंटिमीटरचे पैसे मोजतो, तसे इथे दर्शनाचे. फरक असा, की छापील जाहिरात किमान कागदावर दिसते. पडद्यावर ‘दिसली’ याची व्याख्या फारच उदार आहे. जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर आला की ती ‘बघण्याजोगी’ ठरते, व्हिडिओला दोन सेकंद पुरतात. हा या धंद्याने स्वतःसाठी मान्य केलेला निकष आहे. अंगठ्याने वर सरकवताना एक सेकंदात काय दिसतं, ते करून पाहा. तेव्हा ‘दोन लाख लोकांनी तुमचा आंबा पाहिला’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि पुढचा रकाना विचारा.

व्हिडिओच्या ‘व्ह्यू’बद्दलही हेच. यूट्यूबवर वगळता येणाऱ्या जाहिरातीचा व्ह्यू धरण्याचा रूढ नियम तीस सेकंदांचा आहे; जाहिरात त्याहून छोटी असेल तर ती पूर्ण पाहिली, किंवा मध्येच कुणी तिच्यावर बोट ठेवलं, तरच तो मोजला जातो. फेसबुकवर तीन सेकंदांतही एक व्ह्यू होतो. २०१६ साली फेसबुकलाच कबूल करावं लागलं होतं, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा आपण फुगवून दाखवत होतो. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक त्या हिशेबात धरलेच नव्हते. म्हणून या दोन ठिकाणचे व्ह्यू एका ओळीत मांडून ‘इथे स्वस्त पडतं’ असं म्हणणारा एकतर नवखा असतो, नाहीतर फार जुना.

खरा खेळ क्लिकपासून सुरू होतो. पैसे दर्शनाचे न घेता क्लिकचे घ्यायचे आणि वरची जागा लिलावाने द्यायची, ही कल्पना १९९८ मध्ये ‘गोटू’ नावाच्या अमेरिकी शोधयंत्राने बाजारात आणली. गूगलने २००० मध्ये ॲडवर्ड्स सुरू केलं तेव्हा दर हजार दर्शनांचाच होता. क्लिकचा लिलाव आला २००२ मध्ये. त्याच सेवेला २०१८ पासून गूगल ॲड्स म्हणतात. एका क्लिकला पडलेली किंमत म्हणजे सीपीसी. दर्शनांपैकी शेकडा किती जणांनी क्लिक केलं तो सीटीआर.

वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तसाच हा सौदाही झाकलेला असतो. कुणीतरी ‘रत्नागिरी हापूस पुणे’ असं शोधलं, की त्या क्षणी लिलाव होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. तुमची बोली म्हणजे बिड, पण नुसत्या बोलीवर जागा मिळत नाही. तुमची जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता किती, आणि क्लिकनंतर उघडणारं पान, ज्याला लँडिंग पेज म्हणतात, ते किती उपयोगी, हेही गूगल जोखतं. त्याचं एक ते दहातलं गुणांकन म्हणजे क्वालिटी स्कोर. जाहिरात आंब्याची आणि पान उघडतं काजू-कोकम-फणसपोळीच्या भल्यामोठ्या यादीवर, तर तेवढ्याच जागेसाठी शेजाऱ्यापेक्षा जास्त मोजावे लागतात. दर ठरलेला नसतो. फेब्रुवारीत जो क्लिक स्वस्तात येतो तोच गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात चढतो, कारण सगळे बागायतदार आणि मोठ्या फळविक्रेत्या कंपन्या एकाच लिलावात उतरलेल्या असतात. ‘एका क्लिकला नक्की किती?’ याचं पक्कं उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा.

पैसे गळतात ते मात्र बहुतेक सेटिंगमध्ये. कीवर्ड म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर तुमची जाहिरात यावी ते शब्द. गूगल ते मुळात ब्रॉड मॅचने धरतं, म्हणजे ‘हापूस आंबा’ दिलं की त्याच्या आसपासचे सगळे शोध आत येतात. हापूसचं कलम शोधणारा शेतकरी, लागवडीचं अंतर विचारणारा विद्यार्थी, आमरसाची रेसिपी, आंब्याचा फोटो, सगळ्यांच्या क्लिकचे पैसे तुमचे. म्हणून कलम, रोप, लागवड, रोग, रेसिपी, फोटो, आजचा बाजारभाव असे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या यादीत टाकायचे. आणि आठवड्याला एकदा ‘सर्च टर्म्स’चा अहवाल उघडायचा, लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते तिथे बऱ्याच अंशी दिसतं. एजन्सीच्या रंगीत अहवालापेक्षा हे एक रूक्ष पान मला जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी गळती ठिकाणाची. तुम्ही ‘पुणे’ निवडता, पण गूगलचा मूळ पर्याय असतो पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस दाखवणारे. तो बदलून फक्त ‘तिथे असलेले किंवा नेहमी येणारे’ असा करावा लागतो. नाहीतर दुबईतला पुणेकर क्लिक करतो आणि तुम्हाला निर्यात जमत नसते. अर्थात, दुबईहून पैसे भरून आईबाबांच्या कोथरूडच्या घरी पेटी पाठवणारे तुमच्याकडे असतील तर हाच पर्याय सोन्याचा. मात्र त्यांच्यासाठी जाहिरात वेगळी करा. तिसरी गळती म्हणजे सर्च जाहिरात करताना सोबत डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर संकेतस्थळं आणि ॲपवरच्या जाहिरातींची, खूण राहून जाते आणि पैसे खेळाच्या ॲपमधल्या पट्ट्यांवर खर्च होतात. आणि रोजचं बजेट ५०० ठेवलं म्हणून कुणी ५०० वर थांबत नाही. गूगल एखाद्या दिवशी दुप्पट, म्हणजे हजारापर्यंत खर्च करू शकतं, महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपये, पाळतं.

आता हे सगळे शब्द एका धाग्यात ओवू. समजा, फेसबुक-इन्स्टाग्रामवर सीपीएम १२० रुपये पडला. हजार दर्शनांत दहा जणांनी क्लिक केलं, सीटीआर एक टक्का. क्लिक पडला १२ रुपयांना. शंभर क्लिकमागे आठ जणांनी व्हॉट्सॲपवर चौकशी केली. अशी एक चौकशी म्हणजे लीड, आणि तिची किंमत, सीपीएल, झाली १५० रुपये. सहा चौकश्यांत एकाने पेटी मागवली. एका ऑर्डरची किंमत ९००. यावर १८ टक्के जीएसटी धरा: १,०६२ रुपये. आणि पेटीमागे सुटत होते ८००.

म्हणजे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या पेटीत २६२ रुपयांचा खड्डा, आणि तरीही अहवालातले बाण वरच. हा खड्डा दोन प्रकारे भरतो. तेच घर मोसमात दुसरी पेटी घेतं, मग १,६०० सुटतात आणि ५३८ हाती राहतात. पुढच्या वर्षी ते जाहिरातीशिवाय थेट फोन करतं. याला लाइफटाइम व्हॅल्यू म्हणतात. किंवा सहाऐवजी चार चौकश्यांत एक ऑर्डर मिळवायची. मग ऑर्डर ६०० ला पडते, जीएसटीसह ७०८, आणि खड्डा पहिल्याच पेटीत बुजतो. त्यासाठी एजन्सी लागत नाही. चौकशी आल्यावर दहा मिनिटांत उत्तर, दर आणि फळाचं वजन स्पष्ट, पेटी कधी पोचेल ते सांगणं, आणि दुपारी बागेत असताना फोन घरी कुणाकडे तरी ठेवणं. बहुतेक ठिकाणी लोक सीपीएम दहा रुपयांनी कमी करण्यासाठी भांडतात आणि व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणांखाली अर्धा दिवस चौकशी वाळत पडलेली असते.

जीएसटीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच फळवाले फसतात. एजन्सी सांगते, ‘त्याचं तर क्रेडिट मिळतं.’ ज्याच्या विक्रीवर जीएसटी लागतो आणि ज्याची नियमित नोंदणी आहे, त्याला मिळतं. त्याने जाहिरातीच्या खात्यात आपला जीएसटी क्रमांक आधीच भरावा. ताज्या आंब्यावर मात्र जीएसटी नाही, म्हणून त्यासाठी केलेल्या जाहिरातीवरचा जीएसटी परतही येत नाही. डबाबंद आमरस विकणाऱ्याला तो वळता करून घेता येईल. पेटी विकणाऱ्याला नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही नाही. तुम्ही यांपैकी असाल तर जाहिरातीचा प्रत्येक रुपया एक रुपया अठरा पैशांचा धरा.

रोआसचा आकडाही असाच फसवा. जाहिरातीवर घातलेल्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली, तो रोआस. ‘साहेब, तीनचा रोआस आहे, एक घालून तीन येतात’ हे ऐकायला छान. पण तीन रुपये विक्रीचे आहेत, सुटलेले नाहीत. आपल्या उदाहरणात ४,००० ला ८०० सुटतात, म्हणजे पाचाला एक. रोआस पाच आला तर बरोबरी. आणि पडद्यावरचा खर्च जीएसटी न धरता दाखवलेला असतो, म्हणून तिथे सुमारे ५.९ दिसेल तेव्हा कुठे तुम्ही ना नफ्यात ना तोट्यात. तीनवर तुम्ही दर पेटीला चांगले पैसे घालवता आहात.

त्यातही विक्री जाहिरातीनेच झाली हे ठरवतं कोण? जाहिरात विकणारी कंपनीच. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक कंपनी मेटा; तिची मूळ पद्धत अशी, की क्लिकनंतर सात दिवसांत किंवा जाहिरात नुसती दिसल्यानंतर एका दिवसात खरेदी झाली तर श्रेय जाहिरातीला. याला ॲट्रिब्यूशन म्हणतात. तुमचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक पाडव्याला सवयीने पेटी मागवतं, आदल्या दिवशी त्याच्या पडद्यावर तुमची जाहिरात सरकून गेलेली असते, आणि ती पेटीही रोआसमध्ये जमा होते. ईबेने २०१२ साली स्वतःच्या नावाच्या शोधावरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या. अर्थतज्ज्ञांनी ते आकडे तपासले तेव्हा दिसलं, की जाहिरातीतून येणारी जवळजवळ सगळी मंडळी खालच्या फुकटच्या दुव्यावरून तशीच आत आली. तुम्हाला एवढा प्रयोग नको. नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढं विचारा आणि वहीत लिहा. आणि आपल्याच बागेच्या नावावर, कुणी स्पर्धक त्यावर बोली लावत नसताना, पैसे लावू नका.

फेसबुक पोस्टखालच्या ‘बूस्ट’ या निळ्या बटणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते सोपं आहे, पण तिथे ध्येय बारकाईने निवडता येत नाही. लाइकसाठी जाहिरात केलीत तर लाइक करणारी माणसं शोधून दिली जातात, पेटी घेणारी नव्हेत. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन मेसेज किंवा विक्री हे ध्येय निवडायला अर्धा तास जास्त जातो, तो घालवा. मेटाच्या यंत्राला नीट शिकायला एका ॲड सेटमागे, म्हणजे जाहिरातींच्या एका गटामागे, आठवड्याला साधारण ५० अपेक्षित कृती लागतात. चौकशी १५० ला पडत असेल तर ते झाले आठवड्याला ७,५०० रुपये. रोज २०० रुपयांत चार गावांसाठी चार वेगवेगळ्या जाहिराती लावणाऱ्याचं एकही यंत्र धड शिकत नाही. एकच लावा.

रिटार्गेटिंग म्हणजे तुमच्या पानावर येऊन गेलेल्यालाच पुन्हा गाठणं. त्यासाठी संकेतस्थळावर पिक्सेल नावाचा कोडचा तुकडा बसवतात. महिन्याला दोनशे लोक येणाऱ्या पानासाठी त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

एजन्सी घ्यायचीच असेल तर मोबदल्याच्या दोन रीती आहेत: ठरावीक मासिक रक्कम, किंवा जाहिरातखर्चाच्या साधारण १० ते २० टक्के. टक्केवारीत खर्च वाढवण्यातच तिचा फायदा असतो, हे ध्यानात ठेवा. छोट्या मोसमी धंद्याला ठरावीक रक्कम बरी, तीही जीवघेणी नसेल तर. १५ हजारांच्या जाहिरातीवर १२ हजारांची फी दिली तर वरचा १,०६२ चा आकडा जवळपास पावणेदोनपट होतो. अट एकच, पण ती सोडू नका: जाहिरातीचं खातं, फेसबुक पान आणि डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर. एजन्सीला आत येण्याची परवानगी द्यायची, मालकी नाही. आणि गूगल-मेटाचं मूळ बिल मागायचं, एजन्सीने टाइप केलेली बेरीज नव्हे. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा दर न पाहता नूतनीकरणाचा पाहा.

इन्फ्लुएन्सरला पेटी फुकट पाठवून रील करून घेणं स्वस्त वाटतं. पण फुकट पेटी हाही मोबदलाच, आणि तो रीलवर स्पष्ट सांगावा लागतो. जाहिरातींसाठी स्वनियमन करणारी, १९८५ पासूनची एएससीआय ही संस्था आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, दोघांचीही तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जाहिरातीत मालाचं नाव काय लिहिता तेही जपा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे कर्नाटकातला आंबा सिंधुदुर्गातला ‘देवगड’ म्हणून खपवणारी जाहिरात ही नुसती लबाडी राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

गूगल नकाशावरची दुकानाची नोंद फुकट असते. ‘तुमची नोंद उद्या काढली जाईल, आत्ता ४,९९९ भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या गिऱ्हाइकांची परवानगीने केलेली व्हॉट्सॲप यादीही छोट्या प्रमाणात फुकट चालते. हजारोंनी मेसेज धाडायचे असतील तर मात्र मेटाचा दर मेसेजमागे लागतो आणि मध्यस्थ कंपनीचं भाडं वेगळं.

एवढं करून जाहिरात लावलीत की त्याच बैठकीत तिची शेवटची तारीखही भरा. ती भरली नाही तर जाहिरात आपोआप थांबत नाही. जूनमध्ये बागेत पाऊस सुरू असतो, झाडावर फळ नसतं आणि पुण्यात कुणीतरी अजून क्लिक करत असतं. थांबवल्यावरही आधीच्या खर्चाचं उरलेलं बिल पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर पडतं. ते चुकतं झाल्याचं पाहून मग कार्ड खात्यातून काढा.